मी खुर्ची दुरुस्त करायला गेलो होतो

नाही, पण मी म्हणतो, डोकं माझं, अंगठा माझा, उडतोय तोही माझाच, आणि शाबासकी कुणाला? तर त्या चष्मेवाल्या डॉक्टरांना! "वा, अगदी बरोबर जागा सापडली हो तुम्हाला." अहो, जागा काय कुठे पळून गेली होती? माझ्याच डोक्यात होती ना, सकाळपासून तिथंच बसून होती बिचारी, माझ्यासारखी...

थांबा. आधी माफी मागायची राहिली. हे मी लिहून आणलंय, कारण चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा आनंद आहे आणि शब्दही साधेच आहेत. तुम्ही म्हणाल, अरे, चुका आम्हाला कुठं ऐकू येणारेत? येणार नाहीत, पण मला कागदावर दिसतायत ना, म्हणून माफी.

तर तुम्हाला सांगतो, मी खुर्ची दुरुस्त करायला गेलो होतो. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

भावोजींचं खुर्च्या दुरुस्तीचं दुकान आहे. दवाखान्यातल्या, सलूनमधल्या, ज्या म्हणून वर-खाली होतात त्या सगळ्या खुर्च्या. तिथं मी कामाला. त्या सकाळी ताईने मला भावोजींची पँट दिली. "तुझी वाळली नाही अजून, ही घाल आणि पट्टा आवळ." भावोजी अंगाने चांगले भरलेले, म्हणजे त्या पँटमध्ये मी आणि आणखी एक मी, असे दोघं आरामात मावलो असतो. आवळला पट्टा. पट्टाही लक्षात ठेवा.

भावोजी म्हणाले, "ते मेंदूवाले डॉक्टर आहेत ना, त्यांच्या संस्थेत जा. त्यांची खुर्ची बसलं की हळूहळू खाली जाते. आजच्या आज करून दे, त्यांच्याकडे बाहेरचे लोक शिकायला आलेत."

गेलो. लांबलचक पांढरी खोली, मधोमध खुर्ची, शेजारी चाकांवरचं एक यंत्र, फ्रिजएवढं, आणि त्याला जाड वायरीने लटकवलेला एक दांडा, ज्याच्या टोकाला दोन गोल कडी शेजारी शेजारी जोडलेली. खोलीत चिटपाखरू नाही. आता खुर्ची खाली जाते हे कळायचं कसं? बसूनच ना? बसलो. आणि मी बसायला न् दार उघडायला एकच गाठ! आत दहा-बारा डॉक्टर, आणि सगळ्यांच्या पुढे मोठ्या मॅडम.

"आलात का? अहो, किती वाट बघायला लावलीत! तुम्हालाच पाठवलंय ना?"

मी म्हणालो, "हो." पाठवलंच होतं ना मला, भावोजींनी.

"बसा बसा, उठू नका."

आणि मॅडमनी समजावून सांगायला सुरुवात केली, एका दमात, तोंडातून मध सांडावा इतक्या गोड. "हे बघा, हे चुंबक आहे, डोक्याला बाहेरून लावायचं, टक असा आवाज होतो, मेंदूचा जो भाग अंगठा हलवतो तो क्षणभर जागा होतो आणि अंगठा आपोआप उडतो, दुखत बिखत नाही, हे सगळे शिकायला आलेत, ते तुमच्या डोक्यावर ती जागा शोधतील, आणि तुम्हाला कुठल्याही क्षणी नको वाटलं तर नुसतं सांगायचं, आम्ही तिथल्या तिथे थांबणार. कळलं?"

कळलं. सगळं कळलं. मी तोंड उघडलं. म्हणालो, "मी... खुर्ची..."

"खुर्ची आरामशीर आहे ना?"

"हो."

झालं. माझं भाषण संपलं.

मग त्यांनी प्रश्न विचारले. डोक्यात धातूचा तुकडा आहे का, कधी फिट आली होती का, काल रात्री झोप नीट लागली का. आता हे बघा, झोप नीट लागली का हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ताई विचारते ते "उठलास का?" असं विचारते. त्यात मायेचा भाग कमी असतो. इतक्या मायेने कुणी विचारल्यावर "तुमचा माणूस दुसरा कुणीतरी आहे" असं कसं म्हणायचं? त्यांनी दाखवलं तिथं सही केली.

मग म्हणाल्या, अंगावर धातूचं काही नको. चष्मेवाले डॉक्टर पुढे झाले. हा माणूस सावध. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, किल्ल्या, सगळं एका ट्रेमध्ये. पिशवीभर हत्यारं बघूनसुद्धा एकाने विचारलं नाही की बाबा, तू करतोस काय! फोन घेतला. मग माझ्या कमरेकडे बघितलं.

"पट्टा."

"पट्टाही?"

"बक्कल आहे ना."

आता सांगा, मी उठणार होतो कसा? पट्टा गेला त्या क्षणी माझा त्या खुर्चीतून बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. डॉक्टर दहा-बारा, त्यात निम्म्या बायका, आणि पँट भावोजींची.

पण पट्ट्याचं जाऊ द्या. खरा जीव होता फोनमध्ये. आमच्या दुकानासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं ती असते. नाव घेत नाही, समोर असतानाही कधी घेतलं नाही. वर्षभर मी रोज झेरॉक्स काढायला जायचो. आमच्या दुकानात झेरॉक्स काढण्याजोगा कागद एकच, खुर्चीला तेल कसं घालावं त्याच्या सूचनांचा. त्याच्याच झेरॉक्स, रोज. आमच्याकडे गाद्यांखाली थप्प्या लागल्या होत्या. एक दिवस ती मशीनचं झाकण उघडं ठेवून म्हणाली, "काय रे, तुला हा कागद आवडतो का मी?"

मी म्हणालो, "कागद."

...हसा. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसलो असतो.

तर तिला दुसऱ्या गावी काम मिळालं, मोठ्या छापखान्यात. आदल्या दिवशी मला म्हणाली, "उद्या संध्याकाळच्या बसने चाललेय. तुला काही बोलायचं असेल तर बस सुटायच्या आत बोल. तोंडाने जमत नसेल तर मेसेज कर. फक्त कागदाबद्दल नको."

केला ना मेसेज. दोन शब्द. 'जाऊ नकोस.' भाचीच्या पुस्तकात बघून लिहिला, म्हटलं निदान एवढं तरी शुद्ध जावं. लिहिला, पाठवायच्या बटणावर अंगठा नेला, आणि अंगठा तिथंच थिजला. दाबेचना! म्हटलं, आधी खुर्चीचं काम उरकू, मग मोकळ्या मनाने दाबू. आणि आता फोन ट्रेमध्ये, ट्रे शेजारच्या खोलीत, आणि मी खुर्चीत.

मग माझी सजावट झाली. डोक्यावर पोहायची टोपी, कान दुमडतील इतकी घट्ट, तिच्यावर पेनाने ठिपके. कपाळाला पट्टी, पट्टीवर चकाकणाऱ्या गोळ्या. समोरचा कॅमेरा त्या गोळ्या बघून पडद्यावर माझं डोकं दाखवत होता, कुठं आहे, किती हललं ते. कानात बोळे. उजव्या हाताला चिकटपट्ट्या आणि वायरी, म्हणजे अंगठा उडाला की पडद्यावरच्या सरळ रेघेला एक डोंगर येणार. त्या खोलीत आरसा नव्हता, देव पावला म्हणायचा.

"आता फक्त हलू नका," मॅडम म्हणाल्या. कानात बोळे होते तरी ऐकू आलं. शिकवणाऱ्यांचा आवाज कशातूनही आत येतो.

पहिले चष्मेवाले. कडी डोक्याला टेकवली. टक. काही नाही. जरा सरकवली. टक. काही नाही. जरा मागे. टक, आणि तुम्हाला सांगतो, माझा अंगठा असा उडाला, जसा कुणीतरी आतून ढकलला! मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघत नाही. जन्मापासूनची ओळख, आणि परक्याच्या हाकेला ओ देतो.

"मॅडम, आलं!"

"ताकद कमी करत जा. निम्म्या वेळा उडेल इतपत कमी. ती याची खरी पातळी."

कमी केली. उडाला. आणखी कमी केली. उडाला. सगळे पडद्यापाशी गोळा. साधारण माणसाचा अंगठा जिथं ढिम्म हलत नाही तिथं माझा नाचतोय. "मॅडम, इतक्या कमीवर?" "मॅडम, हे डोकं शिकायला फार छान आहे हो." "मॅडम, मी पण करू?" "मॅडम, नंतर मी!"

आता तुम्हाला वाटेल, कौतुक मला चढलं असेल. अजिबात नाही. मला कळत होतं तो का उडतोय. माझ्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट चालू होती, बटण. बटण दाबायचं. अंगठा खाली, बटण दाबलं, मेसेज गेला. परत. अंगठा खाली, बटण दाबलं. मी मनात शंभरदा दाबत होतो, आणि तेवढ्यात बाहेरून ते टक करायचे, आणि तो तयारच असायचा! जितका मी बटणाचा विचार करावा तितका तो जास्त उडावा, जितका तो उडावा तितके ते जास्त खूश व्हावेत, आणि जितके ते खूश, तितका मी जास्त वेळ खुर्चीत. आहे की नाही? माझा फास मीच विणत होतो, आणि तेही अंगठ्याने.

मग बुटक्या डॉक्टरबाई आल्या. त्या स्टुलावर उभ्या राहिल्या. टक. टक. मग भुवया जवळ आल्या. "हललात तुम्ही."

"नाही."

"पडद्यावर डोकं खाली गेलंय तुमचं."

गेलं होतंच! कारण खुर्ची खाली चालली होती! त्याच्यासाठीच तर मला बोलावलं होतं! अगदी ओठावर आलं, "बाई, मी नाही, ही खुर्ची..." पण त्या इतक्या हळुवारपणे म्हणाल्या, "फक्त हलू नका हं, छान चाललंय," की मी शब्द गिळला. थोड्या वेळाने त्या स्टुलावरून उतरल्या. "आता असंच बरं पडतंय," म्हणाल्या. त्यांच्यानंतर एक उंच डॉक्टर. ते आधी वाकले, मग कमरेत मोडले, मग एका गुडघ्यावर आले. सगळ्यांना वाटत होतं मी हलतोय. दिवसभरात मी एकदाच हललो, शिंक आली तेव्हा, आणि नेमकं तेव्हा कुणी बघत नव्हतं.

घड्याळ माझ्या पाठीमागे. मान वळवायची सोय नाही. समोरच्या भिंतीवर खिडकीचं ऊन पडलं होतं, ते सरकत सरकत कोपऱ्यात गेलं, मग वर चढायला लागलं. मला कळत होतं तिकडे तिची बॅग भरून झाली असेल. त्या दिवशी माझ्याकडे वाक्यं दोनच होती. तिला म्हणायचं 'जाऊ नकोस', आणि ह्यांना म्हणायचं 'मला जाऊ द्या'. एक फोनमध्ये अडकलेलं, एक घशात. आणि मॅडम दर थोड्या वेळाने विचारतायत, "बरं वाटतंय ना? थांबायचं का?" आणि मी म्हणतोय, "नाही, चालू द्या." अहो, मीच म्हणतोय! कुणाकडे तक्रार करू?

"फक्त हलू नका, छान चाललंय."

शेवटी मॅडमच पुढे आल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला एक सांगा. हात सैल आहे, रेघ सपाट आहे, आणि तरी इतक्या कमीवर उडतोय. मनात काय चाललंय तुमच्या?"

"काही नाही."

"अंगठ्याचा विचार करताय?"

"...बटण."

"कसलं बटण?"

"पाठवायचं."

"काय पाठवायचं?"

"मेसेज."

"कुणाला?"

मी भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं. तिथं दहा-बारा मेंदूवाले डॉक्टर होते, सगळ्यांना एकाच वेळी कळलं. त्याला काही यंत्र लागलं नाही.

"काय लिहिलंय?" बुटक्या बाईंनी विचारलं.

"'जाऊ नकोस.'"

"आणि जाणार कधी आहे ती?"

मी म्हणालो, "घड्याळ माझ्या मागे आहे, तुम्हीच बघून सांगा. संध्याकाळची बस आहे."

सगळ्यांनी मागे बघितलं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. चष्मेवाले पळत गेले आणि फोन घेऊन आले. मॅडम ओरडल्या, "कड्यांपासून लांब धरा तो!" फोन माझ्या हातात. मेसेज तसाच. बटण तिथंच. अंगठा वर. सगळी खोली श्वास रोखून. आणि... नाही. दिवसभर टणाटणा उडणारा अंगठा, आता लाकूड!

चष्मेवाले हळूच म्हणाले, "मॅडम, देऊ का एक?"

"असं करत नाहीत, डॉक्टर. माणसाची मर्जी लागते."

मी म्हणालो, "मर्जी आहे माझी. अंगठ्याचीच नाहीये." आयुष्यात इतकं मोठं वाक्य मी अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदाच बोललो.

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. "एकच."

टक.

अंगठा उडाला, पण बाहेर! रस्त्यावर गाडी थांबवायला धरतात ना अंगठा, तसा. फोन हातातून सुटला आणि भावोजींच्या पँटमध्ये पडला, तिथं जागा भरपूर.

"बरोबर आहे," चष्मेवाले म्हणाले, "आपण धरलेला स्नायू अंगठा बाहेर नेतो. दाबायचा स्नायू वेगळा."

"मग त्याची जागा शोधू या की," उंच डॉक्टर म्हणाले. आणि खरं सांगतो, परत सुरू झाले! एक कडी सरकवतोय, एक पडदा बघतोय, एक माझी टोपी ओढून नीट करतोय. "लगेच सापडेल. तुम्ही फक्त हलू नका." तिकडे बस लागली असेल, आणि इकडे हे माझ्या प्रेमाचा स्नायू शोधतायत!

"बास," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"मॅडम?"

"लाजतोय तो. फिरा."

फिरले. तुम्हाला सांगतो, असं दृश्य कुणी बघितलं नसेल. एवढे शिकलेले डॉक्टर, शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे, मॅडमसुद्धा. खोलीत आवाज फक्त त्या यंत्राच्या पंख्याचा. मी फोन शोधला, धरला. आणि दाबलं. यंत्राशिवाय.

गेला. आणि लगेच टिंग. उत्तर.

"काय म्हणाली?" बुटक्या बाई, भिंतीकडे तोंड करूनच.

मी वाचलं. "'बस सुटली. होतास कुठे दिवसभर?'"

मग मॅडम म्हणाल्या, "खरं काय ते सांगा."

सांगितलं. एकच शब्द लिहिला, 'खुर्चीत.'

पुढे काही आलं नाही. बराच वेळ. मी आता जवळजवळ जमिनीवर बसलो होतो, गुडघे हनुवटीला, म्हणजे खुर्ची तेवढी खाली गेली होती. बुटक्या बाईंना माझ्याशी बोलायला वाकावं लागलं. म्हणाल्या, "उद्या येणार ना?" मी काय म्हणालो असेन? हो.

घरी भावोजींनी विचारलं, "झाली का खुर्ची?" म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी स्वतःची पँट घातली, घट्ट. कुणी यायच्या आत संस्थेत पोचलो. खुर्चीचा पंप गळत होता, एक रबरी वायसर बदललं की काम फत्ते. वायसर खिशात घेऊन आलो होतो. म्हटलं, उघडायच्या आधी एकदा बघावं, किती वेगाने खाली जाते... बसलो.

दार उघडलं.

"अरे वा, लवकर आलात!"

टोपी, पट्टी, गोळ्या, बोळे, वायरी. फोन ट्रेमध्ये, ट्रे शेजारच्या खोलीत. मॅडम म्हणाल्या, "आज मनात काही आणायचं नाही." माझ्या मनात होतं काय आता? बस तर गेलेली. टक. काही नाही. ताकद वाढवली. काही नाही. आणखी वाढवली, तेव्हा कुठे अंगठा जरासा हलला, झोपेत कूस बदलावी तसा. चष्मेवाले हिरमुसले. "अगदी साधं डोकं निघालं हो, मॅडम." मला शाळेत नापास झाल्यावर वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं.

आणि शेजारच्या खोलीत, टिंग.

कानात बोळे होते. कसं ऐकू आलं ते मेंदूवाल्यांनी सांगावं. त्या क्षणी यंत्राला कुणाचा हातही नव्हता, आणि पडद्यावर हा एवढा डोंगर!

"मॅडम, आलं!"

"हलू नका, हलू नका, छान..."

मी म्हणालो, "मला जाऊ द्या."

म्हणालो! मोठ्याने! मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, मग जा की. तुम्हाला धरलंय कोणी?"

टोपी घालूनच गेलो. ट्रेमधून फोन उचलला. तिचा मेसेज होता. 'जाणार तर मी होतेच. पण म्हणालास ते बरं केलंस. रविवारी सुट्टी असते, ये. आधी त्या खुर्चीतून ऊठ.'

मी लिहिलं, 'येतो.' आणि अंगठ्याने ते दाबलं, एका झटक्यात, आपण होऊन, कुणी भिंतीकडे बघत नसताना.

मग दारातून आत बघितलं. रिकाम्या खुर्चीभोवती सगळे उभे होते. चष्मेवाले ती कडी हातात धरून, ताटावर बसलेल्या माणसाचा, पुढून ताट उचलल्यावर होतो तसा चेहरा करून. बुटक्या बाई स्टूल काढून बाजूला ठेवत होत्या. आणि रविवार अजून लांब होता...

जाऊन बसलो.

"या," मॅडम म्हणाल्या, "आता फक्त हलू नका."

वायसर अजून खिशातच आहे. रबराचं, म्हणून कुणी ट्रेमध्ये काढून घेतलं नाही. पण ते बसवायचं, तर आधी मला त्या खुर्चीतून उठायला पाहिजे ना.